साडेबाराची गल्ली

या, ओळख करून देतो. ही सदाशिव पेठेतली एक गल्ली. पूर्ण नाव सांगत नाही, कारण तिच्या मध्यावर एक शाळा आहे आणि पुण्यात शाळेचं नाव काढलं की माजी विद्यार्थी धावून येतात. तेही गाडी घेऊन. आधीच जागा नाही.

आत्ता अकरा वाजलेत, म्हणून ती तुम्हाला अशी दिसतेय. अंग चोरून बसलेली, घरंदाज. एका स्कूटरच्या सीटवर मांजर झोपलंय. भाजीवाल्या मावशी हातगाडीवरच्या मेथीवर पाणी शिंपडतायत. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा पेपर वाचता वाचता मधूनच खाली बघतात आणि बघण्यासारखं काही नाही म्हणून पुन्हा पेपरात शिरतात. या वेळी कुणीही तिला पाहावं आणि इथे फ्लॅट घ्यावा. घेतलेतही लोकांनी. एजंट घर दाखवायला अकरालाच आणतो, साडेबाराला चुकूनही आणत नाही.

साडेबाराला ती वेगळीच बाई असते.

बाराच्या सुमाराला तिच्या कपाळावर पहिली आठी पडते. आधी येतात रिक्षाकाका आणि व्हॅनकाका. ते भिंतीला चिकटून, एकामागे एक लावतात, कारण त्यांना इथे रोज यायचंय आणि शाळेच्या शिपाईमामांशी वैर परवडणारं नाही. मग सावली शोधत आजी-आजोबा येतात, ॲक्टिव्हावर. सावली झाडाची आणि झाड नेमकं वळणावर, म्हणून वळणावर पाच-सहा दुचाक्या. सव्वाबारानंतर चारचाकी. पहिली नीट लागते. दुसरी पहिलीच्या बरोबर समोर. तिसरी पहिलीच्या शेजारी, ‘मी बसूनच आहे’ असं सांगत. चौथीला काहीच उरत नाही. ती मधोमध उभी राहून हॉर्न देते. कुणाला देते, ते तिलाही ठाऊक नसतं.

आणि मग घंटा होते. सकाळी सातला आलेले पाचवी ते सातवीवाले सुटतात, आठवी ते दहावीवाले आत जायला येतात आणि शिशुवर्ग त्याच घंटेला बाहेर पडतो. म्हणजे नेणारे, सोडणारे आणि कडेवर घेणारे असे तीन पंथ एका फाटकासमोर. प्रत्येकाला वाटतं, बाकीचे दोन पंथ उगीच आलेत.

तिला स्वतःच्या अंगकाठीचा फार अभिमान. सहा मीटर रुंद आहोत म्हणते, आणि महापालिकेच्या नकाशावर ते खरंही असेल. पण हिशेब करून बघा. आजची चारचाकी पावणेदोन-दोन मीटर रुंद, आरसे धरून. एक या कडेला, एक त्या कडेला. मधे उरले दोन-अडीच मीटर. शाळेची बस अडीच मीटरच्या आसपास. एवढं गणित पाचवीतल्या मुलाला येतं. ते मूल ज्या गाडीतून उतरतं, त्या गाडीच्या स्टिअरिंगमागे मात्र ते कधी सुटत नाही.

त्या पिवळ्या बसची तर मला दया येते. महाराष्ट्रात स्कूलबससाठी २०११ मध्ये वेगळे नियम झाले. प्रत्येक शाळेत परिवहन समिती, तिचे प्रमुख मुख्याध्यापक, बसमध्ये मदतनीस, वेगाला लगाम. चाळीस मुलं आणणारी बस इतक्या डोळ्यांखालून जाते. आणि एकेक मूल आणणाऱ्या चाळीस गाड्यांवर कुणाचीच समिती नाही. बस त्यांच्या मागे उभी राहते, आतली चाळीस मुलं खिडकीतून त्या चाळीस मुलांकडे बघतात, आणि घरी गेल्यावर म्हणतात, ‘बाबा, मला पण गाडीनं सोडा ना, बसला उशीर होतो.’ गल्लीची प्रजा अशी वाढते.

तिचं घड्याळ तिचं स्वतःचं आहे. त्यात एकच माप चालतं : दोन मिनिटं. ‘दोनच मिनिटं हं, पोरगं आत सोडलं की निघालोच.’ या दोन मिनिटांत पोरगं आत जातं, डबा गाडीत राहिल्याचं लक्षात येतं, डबा आत पोचतो, वर्गशिक्षिका भेटतात, स्नेहसंमेलनाच्या पोशाखाचं विचारून होतं, बाहेर येताना कुणाची तरी आई भेटते आणि गणिताच्या क्लासची फी कळते. गल्लीला यात काही वावगं वाटत नाही. तिच्याकडे तीन मिनिटं आजवर कुणी मागितलेलीच नाहीत.

तिची एक श्रद्धा आहे. गाडीचे चारही पिवळे दिवे लुकलुकायला लागले की गाडी उभी राहत नाही. म्हणजे दिसते उभी, पण धरायची नाही. ते दिवे खरं तर गाडी बंद पडली, मागच्यांना सावध करायचं, यासाठी दिलेत. इथे त्यांचा उपयोग उदबत्तीसारखा होतो : लावली की पाप संपलं. साडेबाराला तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. इतके दिवे लुकलुकत असतात की वाटावं, कुणाच्या घरी लग्न आहे.

वंशाचा गर्वही आहे तिला. आपला उल्लेख सरकारी कागदात आहे, असं ती ऐकवत असते, आणि ते खोटं नाही. १९८९ च्या केंद्राच्या रस्ता नियमांत गाडी कुठे उभी करू नये याची यादी होती. तिच्यात बसथांबा, शाळा आणि रुग्णालयाचं प्रवेशद्वार एकाच दमात आलं होतं. २०१७ मध्ये ते नियम जाऊन नवे आले. दंडही वाढला. महाराष्ट्रात २०२१ च्या डिसेंबरपासून चुकीच्या जागी गाडी लावली तर पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १५००. हवालदार गाडीचा फोटो काढतो आणि पावती परस्पर फोनवर येते. हे सगळं गल्लीला तोंडपाठ आहे. तिच्याकडे येणाऱ्यांनाही आहे. त्यांना हेही पाठ आहे की हवालदार साडेबाराला मोठ्या चौकात असतो, कारण गल्लीतून बाहेर पडलेल्या याच गाड्यांनी तो चौक अडवलेला असतो.

पी-१, पी-२ च्या पाट्यांशी तिचं जुनं भांडण. पुण्याबाहेरच्यांना सांगायला हवं : विषम तारखेला या बाजूला गाड्या, सम तारखेला त्या बाजूला. कल्पना न्यायाची आहे. दोन्ही बाजूंच्या घरांनी त्रास वाटून घ्यावा. पण महिना ३१ चा असला की ३१ विषम आणि लगेच येणारी १ तारीखही विषम. पी-१ च्या बाजूच्या बंगल्यातल्या काकू या दोन दिवशी सगळ्या गल्लीवर नाराज असतात. साडेबाराच्या पालकांना मात्र सम-विषमाचा त्रास नाही. ते दोन्ही बाजूंना लावतात, रोज.

काकूंच्या फाटकावर एक पाटी आहे : ‘येथे गाडी लावणाऱ्याने आतली गाडी उचलून बाहेर ठेवावी.’ लोक ती वाचतात, दाद देतात, मोबाइलवर फोटो काढतात. फोटो काढताना गाडी त्या फाटकासमोरच उभी असते.

भीती तिला एकाचीच आहे. गाड्या उचलून नेणाऱ्या टेम्पोची. ‘टेम्पो आला!’ अशी आरोळी चौकातून निघाली की गल्लीच्या अंगावर काटा येतो. चहावाला कप टाकून धावतो, वडील चपला न घालता, आजोबा गुडघे विसरून. टेम्पोवरची पोरं उडी मारून दुचाकी अशी उचलतात की वाटावं, मालकानेच ती सर्व्हिसिंगला दिलीय. यात एक अन्याय आहे आणि गल्ली तो जाणून आहे. उचलली जाते ती वळणावरच्या आजीबाईंची ॲक्टिव्हा. चारचाकीला फार तर जॅमर लागायचा, पण आत कुणीतरी काच वर करून, एसी लावून बसलेलं असलं की तोही लागत नाही. तेवढ्यासाठी काही घरांतून मामेभाऊ, ड्रायव्हर किंवा सुट्टीवर आलेली आत्या बरोबर आणण्याची पद्धत आहे. आत्याला पुणं बघायचं असतं. ती शाळेचं फाटक बघून परत जाते.

तिचं बोलणं ऐकायचं असेल तर काच खाली असलेल्या दोन गाड्यांच्या मधे उभं राहावं.

‘अहो ताई, जरा पुढे घेता का?’

‘पुढे गेट आहे.’

‘तेच म्हणतोय, गेटसमोर कशाला लावलीत?’

‘मग कुठे लावू? मागे तुम्ही आहात.’

या संवादाला उत्तर नाही. तो रोज होतो, माणसं बदलतात. शिपाईमामा तेवढ्यात भोंगा घेऊन बाहेर येतात आणि माणसांशी बोलणंच सोडून देतात. ‘पांढरी गाडी, शेवटी सत्तेचाळीस! राखाडी, शून्य तीन! काढा!’ मामांना या शाळेतल्या एकाही वडिलांचं नाव माहीत नाही. नंबर सगळे माहीत आहेत. पालकसभेला एक गृहस्थ व्यासपीठावर जाऊन शिस्तीवर बोलले, तेव्हा मामा मागे उभे राहून शेजारच्या मावशींना म्हणाले, ‘हे शून्य तीन.’

पावसाची तिला भारी हौस. शाळा जूनच्या मध्यात उघडतात आणि पाऊसही त्याच सुमाराला उघडतो, तेव्हा तिचा खरा सण सुरू होतो. एरवी चालत येणारी, सायकलवर येणारी, बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून येणारी मुलं त्या दिवशी गाडीतून येतात, विरघळतील म्हणून. पहिलीचा पहिला दिवस असला की एका मुलामागे आई, बाबा, आजी आणि व्हिडिओ काढायला काका. मूल रडतं, आजी रडते, मागचा हॉर्न वाजवतो, आणि गुडघाभर पाण्यात गल्ली सगळ्यांना सामावून घेते. सामावून घेते म्हणजे जाऊ देत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत राज्याच्या शिक्षण विभागाने सांगितलं, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका. मुलांची झोप होत नाही, अशी काळजी त्याच्या आधी राज्यपालांनीच बोलून दाखवली होती. मुलांना झोप मिळाली, चांगलं झालं. गल्लीची मात्र मोडली. पूर्वी ती सातला एकदा डोळे उघडायची आणि साडेबारापर्यंत लवंडायची. आता नऊला पुन्हा उठावं लागतं, आणि नऊला येणाऱ्या वडिलांना साडेनऊला हिंजवडीत पोचायचं असतं. सातचा बाप निदान जांभई देतो. नऊचा बाप फोनवर मीटिंगमध्ये असतो. तो एका हाताने मुलाचं दप्तर देतो, दुसऱ्याने इंजिन चालू ठेवतो आणि तोंडाने कुणाला तरी ‘येस, येस’ म्हणतो. आपल्याला कुणी ‘येस’ म्हटलं असं समजून मागची गाडी पुढे येते.

एवढं ऐकून तुम्हाला ती कजाग वाटली असेल. तशी नाही. तिचं बिघडलंय ते मायेनं. साडेबाराला तिच्यात अडकलेल्या प्रत्येक गाडीत एक माणूस असतो, ज्याला स्वतःच्या मुलाला उन्हात पन्नास पावलंही चालवायचं नसतं. फाटकाच्या जितकं जवळ, तितकी माया जास्त, असा सगळ्यांचा समज. त्या मायेत दुसऱ्याचं मूल कुठे बसत नाही. ते दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर येतं. सहा वर्षांचं मूल जेमतेम पावणेचार फुटांचं. हल्लीच्या उंच गाड्यांचं नाक त्याच्या हनुवटीच्या आसपास येतं. ड्रायव्हरला आधी पाण्याच्या बाटलीचं बूच दिसतं, मग केसांचा भांग, आणि मूल दिसतं ते गाडीच्या पुढ्यात आल्यावर.

दारांचंही तसंच. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून मूल डावीकडून उतरतं आणि गाडी डाव्या कडेला असेल तर ते भिंतीकडे उतरतं. पण वडिलांना वळून यायचा कंटाळा असतो, म्हणून गाडी उजव्या कडेला, उलट्या तोंडाने लागते. मग डावं दार सरळ रस्त्यात उघडतं. आतून लेक दार ढकलते, बाहेरून सायकलवरचा आठवीतला मुलगा येतो, आणि गल्ली डोळे मिटून घेते. बहुतेक वेळा मुलगा ब्रेक लावतो. या सगळ्या गर्दीत नियम पाळणारा तो एकटा, आणि त्याला लायसन्सही नाही.

नातेवाईक तिचे दूरदूर आहेत आणि त्यांच्या बातम्या ऐकून ती कधीकधी खिन्न होते. भायखळ्याची एक मावसबहीण, मिर्झा गालिब मार्ग. तिच्याकडे शाळांसमोर रंगाचे पट्टे मारून, शंकू ठेवून, मुलांना चालायला आणि थांबायला वेगळी जागा देण्याचा प्रयोग झाला. एक परदेशातही आहे, उत्तर इटलीतल्या बोलझानो शहरात. तिथल्या शाळांसमोरचे रस्ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून शाळा भरता-सुटताना गाड्यांना थोडा वेळ बंद होतात. पुढे लंडनच्या कितीतरी रस्त्यांनी तोच कित्ता गिरवला. अर्धा तास अडथळा लावायचा, लोकांनी गाडी लांब ठेवायची, चालत यायचं. आमच्या गल्लीसमोर हा विषय पालकसभेत निघाला होता. सगळ्यांना आवडला. फक्त प्रत्येकाचं म्हणणं होतं, आपल्या घराची अडचण जरा वेगळी आहे.

तरीही ती मोकळी होऊ शकते, हे तिला पक्कं माहीत आहे, कारण दरवर्षी होते. दहावीच्या परीक्षेत. त्या दिवसांत केंद्रापासून शंभर मीटरच्या आत जमावबंदी लागते, झेरॉक्सची दुकानं बंद होतात, फाटकाशी पोलीस उभा राहतो. कुणी ‘दोन मिनिटं’ म्हणत नाही. शून्य तीनसुद्धा आपली गाडी टिळक रोडला ठेवून, हातात लेकीचं हॉलतिकीट आणि बाटली घेऊन चालत येतात, आणि त्या चालण्याने त्यांना काही होत नाही. उत्तरपत्रिकेत कॉपी जाऊ नये म्हणून शंभर मीटर मोकळे करणं सरकारला जमतं आणि आम्हाला पाळताही येतं. पहिलीतलं पोर चाकाखाली जाऊ नये म्हणून दहा मीटर मोकळे ठेवायचे, तर मात्र जागा कुठे आहे, असं आपण विचारतो. मार्चात गल्ली आपल्या अंगावरून हात फिरवून बघते. भरतात सहा मीटर. पूर्ण सहा.

परीक्षा संपते, पोलीस जातो, आणि दुसऱ्या दिवशी बारा वाजून दहा मिनिटांनी भिंतीशी पहिली व्हॅन लागते.

तर अशी ही. तुमचं घर जवळच आहे म्हणालात आणि येत्या जूनमध्ये तुमच्या नातीला इथेच घालताय, म्हणून इतकं सांगितलं. ओळख वाढवायची असेल तर चालत या. बोट धरून आलेल्या आजोबांशी ती फार गोड वागते, सावलीची कडही देते. गाडी घेऊन आलात तरी ती तुम्हाला लक्षात ठेवेलच. फक्त मामांसारखी, नंबराने.